उतरत्या ठोसेबाजाशी गाठ कधी घालावी?

११ मार्च २०१२ रोजी अंधेरी पश्चिमेच्या शहाजीराजे भोसले क्रीडासंकुलात ‘सुपर फाइट लीग’ या मिश्र मार्शल आर्ट्स स्पर्धेचा पहिला कार्यक्रम झाला. मुख्य लढत होती बॉब सॅप आणि जेम्स थॉम्प्सन यांची. सॅप हा अमेरिकी फुटबॉल सोडून लढाईच्या खेळात आलेला दीडशे किलोंच्या घरातला माणूस. २००२ साली जपानमध्ये त्याने अर्नेस्टो हूस्टसारख्या विजेत्याला दोनदा हरवलं, तेव्हा त्याच्या ठोशाची सगळीकडे चर्चा होती. अंधेरीत आला तोवर दहा वर्षं उलटली होती. लढत पहिल्याच फेरीत संपली. पायाच्या दुखापतीने सॅपने हार मानली. थॉम्प्सनच्या नावावर विजय लागला, पण त्या विजयातून त्याच्याविषयी कोणाला काही नवं कळलं असं म्हणता येत नाही.

थॉम्प्सन मुळातच जड वजनाचा होता. पण त्याच्या जागी खालच्या गटातून नुकताच वर आलेला एखादा बॉक्सर असता, तर त्याच्या वस्तादाने ही जोड स्वीकारावी का? मुष्टियुद्धात हा प्रश्न शंभर वर्षं घोळतो आहे. समोरचा नावाजलेला आहे, त्याच्या हातात अजून दारूगोळा आहे, पण पाय जड झालेत, नजर मंदावली आहे. हरवला तर एका रात्रीत नाव होतं. हरलो तर सगळं गणित मोडतं. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत आज गल्लोगल्ली बॉक्सिंग शिकवणाऱ्या जिम झाल्या आहेत. तिथल्या मुलांपैकी कोणी उद्या व्यावसायिक रिंगणात गेला आणि अंगाने वाढला, तर त्याच्यापुढेही हाच प्रस्ताव येईल. म्हणून झालेल्या लढती नीट तपासायला हव्यात.

आधी वजनाचं गणित. व्यावसायिक मुष्टियुद्धात लाइट हेवीवेटची मर्यादा १७५ पौंड, म्हणजे ७९.४ किलो. क्रूझरवेटची २०० पौंड, म्हणजे ९०.७ किलो. बहुतेक संघटनांच्या हिशेबात त्याच्यावर मर्यादाच नाही. खालच्या गटांत दोन लढवय्यांत किलो-दोन किलोंचा फरक असतो. हेवीवेटमध्ये ९२ किलोचा माणूस १२० किलोच्या माणसासमोर कायदेशीरपणे उभा राहू शकतो. त्यामुळे इथे वर चढणं म्हणजे पुढची पायरी गाठणं एवढंच नसतं. माणूस एका वेगळ्या खेळात जातो. खालच्या गटात मिठी मारून श्वास घेता येतो. हेवीवेटमध्ये मिठी मारली की एकशे दहा किलो मानेवर टेकतात आणि पाचव्या-सहाव्या फेरीत मांड्या थरथरायला लागतात. खालच्या गटात बाहूवर झेललेला ठोसा विसरता येतो. इथे तोच ठोसा बाहू बधिर करतो.

आपल्या उपनगरांत वजनाचा हा डोंगर चढून गेलेला सगळ्यांत मोठा माणूस बॉक्सर नाही, मल्ल आहे. नरसिंग यादव जोगेश्वरीतला, कांदिवलीच्या ‘साई’ केंद्रात जगमाल सिंग यांच्या हाताखाली तयार झालेला. आंतरराष्ट्रीय मॅटवर त्याचा गट ७४ किलोचा. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने त्याच गटात सुवर्ण मिळवलं, २०१५ साली लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेत कांस्य. आणि याच माणसाने २०११, २०१२, २०१३ अशी लागोपाठ तीन वर्षं महाराष्ट्र केसरीची गदा उचलली. सलग तीनदा ती मिळवणारा तो पहिला. महाराष्ट्र केसरी ही राज्यातल्या सगळ्यांत वजनदार मल्लांची स्पर्धा. माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता शेवटी समोरासमोर येतात. चौऱ्याहत्तर किलोचा मॅटवरचा मल्ल तिथे जिंकतो, तेव्हा वेग, दम आणि गुणांची समज यांच्या जोरावर वजनाला उत्तर देता येतं हे सिद्ध होतं. पुढे २०१६ साली उत्तेजक चाचणी आणि चार वर्षांच्या बंदीने त्याचं ऑलिंपिक गेलं. ती वेगळी आणि दुःखाची गोष्ट आहे. पण त्या तीन गदांचा धडा आपल्या प्रश्नाला थेट लागू पडतो.

नरसिंगला जोड निवडायची मुभा नव्हती. स्पर्धेत समोर येणारा मल्ल चार-पाच कुस्त्या मारून आलेला असतो. तो त्या दिवशी उतरणीवर नसतो, असला तर आधीच्या फेरीतच बाहेर पडतो. जत्रेच्या फडात मात्र जोड लावली जाते. पंचकमिटी दोन्ही मल्लांचं अंग पाहते, इनाम ठरतं, आणि नाव मोठं असलेल्या जुन्या पैलवानासमोर वर येणारा पोरगा उभा करण्याचा मोह तिथेही होतोच, कारण गर्दी नावाला जमते. व्यावसायिक मुष्टियुद्ध पूर्णपणे या दुसऱ्या पद्धतीवर चालतं. प्रवर्तक आणि व्यवस्थापक जोड ठरवतात. म्हणून उतरत्या ठोसेबाजाचा प्रश्न कुस्तीच्या गादीवर फारसा उद्भवत नाही आणि बॉक्सिंगमध्ये टाळता येत नाही.

आणखी एक फरक आहे, आणि तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. उतरणीवरचा मल्ल हरतो तेव्हा पाठ मातीला लागते. उतरणीवरचा बॉक्सर हरतो तेव्हा डोक्यावर मार बसतो. याकडे पुढे येतो.

आता बॉक्सिंगच्या रिंगणात जाऊ. लाइट हेवीवेटच्या विजेत्यांनी हेवीवेटचा मुकुट मिळवायचा प्रयत्न अनेकदा केला. १९४१ साली बिली कॉनने जो लुईला बारा फेऱ्या झुंजवलं आणि तेराव्या फेरीत तो बाद झाला. १९५५ मध्ये आर्ची मूर रॉकी मार्सियानोकडून हरला. १९७० मध्ये बॉब फॉस्टर जो फ्रेझिअरसमोर दुसऱ्या फेरीतच कोसळला. तिघांच्याही समोर ऐन भरातला विजेता होता.

ही रांग मोडली मायकेल स्पिंक्सने, २१ सप्टेंबर १९८५ रोजी. समोर होता लॅरी होम्स, तेव्हा ४८ लढतींत अपराजित. आणखी एक विजय मिळाला असता तर मार्सियानोच्या ४९-० ची बरोबरी झाली असती. पण होम्स पस्तिशीत होता आणि त्याचे पाय पूर्वीचे राहिले नव्हते. स्पिंक्सने वजन नीट आखून सुमारे ९१ किलोपर्यंत नेलं, पंधरा फेऱ्या अडनिड्या कोनांतून ठोसे टाकले आणि एकमताने निकाल मिळवला. दोन पंचांच्या कागदावर फरक फक्त एका गुणाचा होता. होम्स उतरत्या वयाचा होता, पण तो एका ठोशाचा माणूस नव्हता. त्याचं बळ जॅबमध्ये आणि डोक्यात होतं. अशा माणसासमोर लहान बॉक्सरला चूक करून सावरायला वेळ मिळतो.

खरा उतरता ठोसेबाज स्पिंक्सला भेटला १५ जून १९८७ रोजी. गेरी कूनी, साडेसहा फूट उंच, सुमारे १०८ किलोचा. १९८१ मध्ये त्याने केन नॉर्टनला ५४ सेकंदांत लोळवलं होतं. पुढच्या वर्षी तो होम्सकडून हरला, आणि त्यानंतर पाच वर्षांत फक्त तीन लढती लढला. स्पिंक्सने त्याला पाचव्या फेरीत थांबवलं. या लढतीसाठी त्याने एका संघटनेचा किताबही गमावला. पैशाच्या दृष्टीने निर्णय योग्य ठरला: कूनीवरच्या विजयाने स्पिंक्स अपराजित राहिला आणि माइक टायसनशी लढायला त्याला १ कोटी ३५ लाख डॉलर मिळाले.

पण कूनीने त्याला काय शिकवलं? २७ जून १९८८ रोजी टायसनने स्पिंक्सला ९१ सेकंदांत बाद केलं. त्यानंतर स्पिंक्स पुन्हा कधी लढला नाही. हेवीवेट झाल्यावर त्याने होम्सशी दोनदा दोन हात केले, स्टेफन टँगस्टॅडला हरवलं आणि मग कूनीला. भरातल्या, वेगवान, जड हाताच्या माणसाचा ठोसा त्याच्या अंगावर तोवर आलाच नव्हता. कूनीचा ठोसा जड असेल, पण तो पोहोचवायला लागणारा वेग गेला होता. मला इथेच या व्यवहाराचा फोलपणा दिसतो. उतरत्या ठोसेबाजाला हरवलं की वाटतं, हेवीवेटचा ठोसा आपल्याला झेपतो. प्रत्यक्षात तो ठोसा आपल्यापर्यंत आलेलाच नसतो.

आणि कधी कधी तो येतो. ५ नोव्हेंबर १९९४, लास व्हेगास. मायकेल मूरर हा पूर्वीचा लाइट हेवीवेट विजेता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्याने इव्हँडर होलीफिल्डला हरवून हेवीवेटचा किताब घेतला होता. पहिल्याच बचावासाठी त्याने निवडला जॉर्ज फोरमन: वय ४५, वजन ११३ किलोंच्या आसपास, जून १९९३ मध्ये टॉमी मॉरिसनकडून गुणांवर हरलेला आणि त्यानंतर रिंगणात न उतरलेला. कागदावर याहून सोपा उतरता ठोसेबाज सापडणं कठीण. नऊ फेऱ्यांनंतर तीनही पंचांकडे मूरर पुढे होता, दोघांकडे ८८-८३ असा. त्याचा प्रशिक्षक टेडी ॲटलस फेऱ्यांच्या मध्ये त्याला बजावत होता की फोरमनच्या समोर उभा राहू नकोस, बाजूला सरक. मूरर उभा राहिला. दहाव्या फेरीत फोरमनचा उजवा हात सरळ हनुवटीवर बसला आणि मूरर आकडे मोजून होईपर्यंत उठला नाही. १९७४ साली किन्शासात महंमद अलीकडे गेलेला किताब फोरमनने वीस वर्षांनी परत मिळवला.

हे का घडतं, याचं उत्तर रिंगणातल्या जुन्या लोकांना ठाऊक आहे. वयाबरोबर सगळ्यांत आधी पाय जातात, मग नजर आणि हात यांच्यातला ताळमेळ, मग मार खाऊन सावरण्याची ताकद. ठोशातलं वजन सगळ्यांत शेवटी जातं. एकशे दहा किलोचा माणूस पुढचा पाय रोवून उजवा टाकतो, तेव्हा त्याला पंचवीस वर्षांच्या पोराचा वेग लागत नाही. त्याला एकदाच समोरच्याचं डोकं जागेवर मिळायला हवं. वर चढलेला बॉक्सर नेमकी तीच संधी देतो, कारण खालच्या गटात त्याला जागेवर उभं राहून मारायची सवय लागलेली असते, आणि गुणांवर पुढे असताना सवय परत येते.

होलीफिल्डने या फोरमनशी कसं निभावलं ते मूररच्या लढतीशेजारी ठेवून पाहावं. १९ एप्रिल १९९१ रोजी तोही उतरत्या फोरमनला भेटला. होलीफिल्ड सुमारे ९४ किलोचा, फोरमन ११७ किलोंच्या आसपास. बारा फेऱ्यांनंतर होलीफिल्ड एकमताने जिंकला. त्याने जबरदस्त ठोसे खाल्ले, पण तो उभा राहिला. त्याच्या आणि मूररच्या नशिबात फरक का पडला? माझं उत्तर होलीफिल्डच्या त्याआधीच्या तीन वर्षांत आहे. एप्रिल १९८८ मध्ये कार्लोस डी लिऑनला हरवून तो क्रूझरवेटचा निर्विवाद विजेता झाला. मग त्याने जेम्स टिलिस, पिंकलॉन थॉमस, मायकेल डोक्स, ॲडिल्सन रॉड्रिग्ज, ॲलेक्स स्टुअर्ट असे हेवीवेट एकामागून एक घेतले. यात थॉमस आणि डोक्स हे माजी विजेते होते आणि उतरणीवरही होते, पण टिकून लढणारे होते. डोक्सबरोबरची लढत तर दहाव्या फेरीपर्यंत तुफान चालली. ऑक्टोबर १९९० मध्ये त्याने बस्टर डग्लसकडून किताब घेतला. फोरमन आला तेव्हा होलीफिल्डच्या मानेला, फुप्फुसांना आणि हनुवटीला हेवीवेटची ओळख होऊन गेली होती.

अलीकडच्या काळात ओलेक्सांद्र उसिकने याच वाटेने जाऊन आणखी मोठं काम केलं. क्रूझरवेटचे सगळे किताब घेऊन तो ऑक्टोबर २०१९ मध्ये वर आला. चॅझ विदरस्पूनशी पहिली लढत झाली. दुसऱ्या लढतीसाठी त्याने ३१ ऑक्टोबर २०२० रोजी डेरेक चिसोराला घेतलं. चिसोरा हा वर्षानुवर्षं मोठमोठ्यांना झुंजवलेला, जवळ घुसून अंगावर रेलणारा, थकवणारा माणूस. उसिकपेक्षा तो सतरा-अठरा किलोंनी जड होता. पहिल्या काही फेऱ्यांत उसिकला मागे रेटलं गेलं, मग त्याने लय पकडली आणि बारा फेऱ्यांनंतर गुणांवर जिंकला. त्या रात्री काहींनी म्हटलं की उसिक हेवीवेटसाठी लहान आहे. मला ती लढत त्याच्या सगळ्या पुढच्या विजयांचं मूळ वाटते. पुढच्याच लढतीत, २५ सप्टेंबर २०२१ रोजी, त्याने अँथनी जोशुआला हरवलं. मे २०२४ मध्ये टायसन फ्युरीला हरवून तो हेवीवेटचाही निर्विवाद विजेता झाला.

याच्या उलट टोनी बेल्यूने मार्च २०१७ मध्ये घेतलेली वाट. क्रूझरवेटचा विजेता असताना तो वर चढला ते थेट डेव्हिड हेला भेटायला. डेव्हिड हे हा खरा ठोसेबाज, पण दीर्घ दुखापतींनी खिळखिळा झालेला. सहाव्या फेरीत हेच्या पायाचा टाचेकडचा स्नायुबंध तुटला. तरीही तो एका पायावर अकराव्या फेरीपर्यंत टिकला आणि बेल्यू त्याच्या उजव्याला जपत राहिला. पुढच्या वर्षीची फेरलढत बेल्यूने पाचव्या फेरीत संपवली. त्याला पैसा मिळाला, नाव मिळालं, आणि ते त्याने कमावलेलं होतं. पण भरातल्या हेवीवेटशी तो कधी लढला नाही. परत खाली येऊन उसिककडून आठव्या फेरीत बाद झाला. पोलंडच्या तोमाश अदामेकनेही ऑक्टोबर २००९ मध्ये उतरणीवरच्या आंद्रेई गोलोटाला पाच फेऱ्यांत संपवून हेवीवेटमध्ये पाऊल टाकलं. पण त्यानंतर तो ख्रिस अरेओलासारख्यांशी भिडत राहिला, म्हणून २०११ मध्ये व्हिताली क्लिच्कोसमोर तो हरला तरी दहाव्या फेरीपर्यंत पोहोचला. गोलोटाची लढत त्याला दार उघडायला उपयोगी पडली. आतलं शिक्षण नंतर झालं.

रॉय जोन्सने २००३ मध्ये वेगळा हिशेब केला. हेवीवेटच्या विजेत्यांपैकी त्याने जॉन रुईझ निवडला, जो मोठा ठोसेबाज नव्हता. जोन्स सहज जिंकला. पण वाढवलेलं वजन उतरवून तो परत लाइट हेवीवेटमध्ये गेला आणि पुढच्याच वर्षी अँटोनियो टार्व्हरने त्याला दुसऱ्या फेरीत बाद केलं. वर-खाली करण्याची किंमत अंगाला द्यावी लागते. याबाबत मला आपल्या खाशाबा जाधवांचं उदाहरण अधिक शहाणं वाटतं. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते ५२ किलोंच्या फ्लायवेट गटात सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीला ५७ किलोंच्या बँटमवेट गटात गेले आणि कांस्यपदक आणलं. मधल्या चार वर्षांत अंग त्या गटाचं झालं, आणि मगच पदकाची कुस्ती झाली.

भारतीय व्यावसायिक बॉक्सिंगकडे पाहिलं तर दुसरी बाजू दिसते. विजेंदर सिंगने ५ ऑगस्ट २०१७ रोजी वरळीच्या एनएससीआय संकुलात चीनच्या झुल्पिकार मैमैतियालीला गुणांवर हरवलं. त्याआधी डिसेंबर २०१६ मध्ये दिल्लीत त्याने टांझानियाच्या अनुभवी फ्रान्सिस चेकाला तिसऱ्या फेरीत थांबवलं होतं. बाराही लढती जिंकून तो १९ मार्च २०२१ रोजी पणजीत, मांडवीतल्या जहाजाच्या गच्चीवरच्या रिंगणात उतरला. समोर रशियाचा आर्तिश लोपसान, सहा फूट चार इंच उंच आणि वयाने बराच लहान. या वेळी नाव विजेंदरचं होतं आणि वयही त्याचंच बोलत होतं. पाचव्या फेरीत लढत थांबली. उतरत्या नावाशी गाठ घेणं लोपसानसाठी शहाणपणाचं ठरलं, कारण त्याचा उंचीचा फायदा विजेंदरच्या मंद झालेल्या पायांपेक्षा मोठा होता. जोड कोणासाठी योग्य हे नेहमी दोन्ही अंगांची तुलना करून ठरतं, एकट्याच्या वयावरून नाही.

एवढं पाहून माझं मत असं बनलं आहे. वर चढणाऱ्या बॉक्सरने उतरत्या ठोसेबाजाशी पहिली लढत घेऊ नये, दुसरीही नाही. आधी चिसोरासारखे, डोक्ससारखे चिवट, अंगावर रेलणारे, आठ-दहा फेऱ्या खेचणारे दोन-तीन हेवीवेट घ्यावेत. जिममध्ये जड जोडीदारांबरोबर महिनोन्‌महिने सराव करावा, मिठीतून सुटायला शिकावं, बाहू बधिर झाल्यावर हात वर ठेवायला शिकावं. मग नावासाठी आणि पैशासाठी उतरता ठोसेबाज जरूर घ्यावा, पण त्याला भरातल्या हेवीवेटइतकंच भ्यावं. मूररला हरवलं ते हनुवटीच्या कमजोरीने नव्हे. नऊ फेऱ्यांनंतर धोका संपला असं मानण्याने हरवलं. आपल्याकडे जड वजनाचे चांगले बॉक्सर कमी असल्याने प्रवर्तक परदेशातून जुनी नावं आणण्याकडे झुकणार हे उघड आहे. अशा वेळी उपनगरातल्या वस्तादाने सेनादलाच्या किंवा पोलीस दलाच्या संघातला अनामिक पण धडधाकट हेवीवेट मागावा. त्याच्याविरुद्धच्या सहा फेऱ्या पोस्टरवरच्या नावाविरुद्धच्या दोन फेऱ्यांहून जास्त कामाच्या.

आणि आता ती बाजू, जिच्याबद्दल प्रवर्तक बोलत नाहीत. जानेवारी १९८० मध्ये महंमद अली भारतात आला आणि दिल्लीत आपल्या कौर सिंगशी प्रदर्शनीय फेऱ्या खेळला. कौर सिंगने पुढे १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत हेवीवेटचं सुवर्ण मिळवलं. प्रेक्षकांना दंतकथा पाहायला मिळाली आणि कोणाला इजा झाली नाही. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला अली लास व्हेगासमध्ये होम्सशी खऱ्याखुऱ्या किताबासाठी लढला. तो ३८ वर्षांचा होता. लढतीआधी मेयो क्लिनिकमध्ये त्याची तपासणी झाली होती आणि नेवाडाने परवानाही दिला होता. दहा फेऱ्या तो मार खात राहिला, शेवटी त्याच्या प्रशिक्षकाने, अँजेलो डंडीने, लढत थांबवली. होम्सचं काही चुकलं नव्हतं. तो जिंकला, पण या विजयाने त्याला एका दिवसाचाही आनंद दिला नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर त्या रात्री सगळ्यांनी पाहिलं.

म्हणून मुंबईत अशी लढत ठरवताना उतरत्या ठोसेबाजाचं गेल्या दोन वर्षांत किती वेळा नॉकआउट झालं, शेवटची लढत कधी झाली, मेंदूचा एमआरआय काय सांगतो, हे कागद आधी वस्तादाने मागावेत. गेल्या वर्षभरात दोनदा बाद झालेल्या माणसाला हरवून आपल्या पोराचं भलं होत नाही आणि त्या माणसाचं तर नक्कीच होत नाही. असा प्रस्ताव आला तर नकार द्यावा, आणि नकाराचं कारण प्रवर्तकाला लेखी कळवावं.